रविवारच्या आत

जयराजनं बिस्किट चहात बुडवलं, ते मऊ होऊन पडायच्या आत तोंडात टाकलं आणि विचारलं, "आईंचं अजून किती दिवस म्हणतात डॉक्टर?"

साताऱ्याच्या सरकारी विश्रामगृहात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास. बैठक संपून माणसं व्हरांड्यात पांगली होती. टेबलावर कंदी पेढ्यांचा अर्धा खोका उघडा पडला होता आणि त्यावर एक माशी निवांत फिरत होती. आदगोंडा पाटील त्या माशीकडं बघत म्हणाला, "डॉक्टर आता येत नाहीत. ताक सुटलं परवा. नुसत्या पाण्यावर आहे. आठ दिवस, दहा दिवस. सांगता येत नाही."

"तसं नव्हे," जयराज खुर्ची पुढं ओढत म्हणाला. तो पक्षाचा सरचिटणीस होता आणि साहेबांच्या मनातलं त्याला साहेबांच्या आधी कळतं, असं दोन्ही जिल्ह्यांत मानलं जायचं. "रविवारी साहेब सांगलीत आहेत. सोमवारी यादी. रविवारच्या आत काही झालं, तर साहेब घरी येणारच. दोन्ही जिल्ह्यांतली सगळी माणसं येणार. एवढं झाल्यावर यादीत दुसरं नाव घालणं अवघड होईल हो. मी आपलं मनातलं बोललो. वाईट वाटून घेऊ नका."

"बघू," आदगोंडा म्हणाला.

गाडी स्वतःच चालवत तो निघाला. नागठाणे मागं पडलं, उंब्रज मागं पडलं, तरी तो शब्द तोंडातून जाईना. बघू. ठेकेदार बिलासाठी घुटमळत उभा राहिला की तो असंच म्हणायचा. गल्लीत गटार तुंबलंय म्हणून बायका आल्या की असंच. त्यात होकार नसतो, नकार नसतो, पण काम माझ्या हातात आहे एवढं त्यात असतं. आई कधी मरावी हे बघू. त्यानं काच खाली केली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर पुढं रेंगाळत होता, त्याचा धूर आणि मळीचा वास आत आला. आपल्याला राग यायला हवा होता. उठून जायला हवं होतं. निदान कपाळाला आठी तरी पडायला हवी होती. पण जयराज बोलत असताना आपण मनातल्या मनात वार मोजले होते, मंगळवार धरून सहा, न धरता पाच, हे त्याला आता, कराडच्या पुलावर, स्वच्छ आठवलं. आणि मोजताना छातीत जे हललं होतं ते दुःख नव्हतं. ते ओळखीचं होतं. मतमोजणीच्या सकाळी तेच हलतं.

अठ्ठावन्न वर्षांचा होता तो. तीन वेळा नगरसेवक, एकदा स्थायी समितीचा सभापती, आता उपमहापौर. पुढची पायरी एकच होती, विधान परिषद. सांगली आणि सातारा मिळून एक जागा, आणि मतदार म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतले निवडून आलेले सदस्य. पाचगणीच्या नगरसेवकापासून जतच्या जिल्हा परिषद सदस्यापर्यंत सगळे एकाच पक्षाचे. समोर कुणी उभा राहिलाच तर तो फॉर्म भरून पेपरात फोटो यावा म्हणून. इकडं निवडणूक होत नाही, यादी होते. यादीत नाव आलं की माणूस आमदार झाला. नाही आलं की तो कुठंच गेला नाही, कारण जायला दुसरं घरच नव्हतं. शत्रू असायचे तेही त्याच सतरंजीवर, मांडीला मांडी लावून बसलेले.

आणि यादीतून गळालेली माणसं त्यानं पाहिली होती. लग्नात माइकवरचा माणूस नावं घेत जातो, तेव्हा ती आपल्या नावाची वाट बघतात. पहिल्या वर्षी 'माजी' लावून नाव येतं. दुसऱ्या वर्षी 'आणि इतर मान्यवर'मध्ये जातं. तिसऱ्या वर्षी तो माणूस जेवणाच्या रांगेत पत्रावळ हातात घेऊन उभा असतो आणि फोन आल्यासारखा कानाला लावतो. मिरजेच्या एका लग्नात असाच एक जुना सभापती फोनवर तावातावानं बोलत असताना तोच फोन त्याच्या हातात वाजला होता. आदगोंडानं नजर वळवली होती. पण त्या माणसाचा चेहरा, कानाजवळ वाजणारा फोन घेऊन तसाच हसत राहिलेला, त्याच्या मागं लागला होता. सकाळी दाढी करताना साबणाखालून तो चेहरा वर येईल असं त्याला वाटायचं. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. यंदा नाव आलं नाही तर अठरा महिन्यांनीच, महापालिकेची मुदत संपली की.

आईनं पर्युषणात सांगितलं होतं, आता पुरे. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती तिला. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेऊन रक्त धुवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती हसली होती. "कापडं हाईत व्हय धुवाय," म्हणाली होती. मग वारणाकाठच्या गावी जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास होता तिथं तिला नेलं. सल्लेखना, म्हणजे अन्न आणि मग पाणीही सोडत मरणाकडं शांतपणे जायचं व्रत, खरंच घ्यायचं का, हे महाराजांनी तिला तीन दिवस तीनदा विचारलं, मग घरच्यांना विचारलं. घरच्यांची संमती हवी असते. आदगोंडाची बायको त्रिशला रडत हो म्हणाली. पुण्यात कॉलेजात शिकवणारी मुलगी ब्राह्मी शेवटी म्हणाली, आज्जीची इच्छा आहे तर मी आड येणार नाही. आदगोंडा लगेच हो म्हणाला होता. इतका लगेच की महाराजांनी एकदा मान वर करून बघितलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्या घराण्यात एवढं मोठं व्रत होतंय, आपण मागंपुढं बघू नये. पण परवा ब्राह्मी फोनवर म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही हो म्हणालात तेव्हा फक्त आज्जीचाच विचार करत होता ना?" त्यानं तिला झापलं. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं, त्याच सकाळी, गावाकडं निघायच्या तासभर आधी, साहेबांच्या कार्यालयातून निरोप आला होता: तयारीला लागा, यंदा विचार होऊ शकतो. तो निरोप आणि तो होकार यांचा काही संबंध होता का? त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. बंद पडलेल्या विहिरीत वाकून बघावं आणि खाली पाणी आहे की नुसता अंधार ते कळू नये, तसं होत होतं.

पेठ नाक्यावर तो चहाला थांबला नाही. आष्ट्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडणी झालेलं रान काळं पडलं होतं. वडील गेले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळे कृष्णेच्या पात्रात उतरले होते. गरम राखेत हात घालताना त्याचं लक्ष घाटावरच्या रस्त्याकडं होतं, कारण साहेब येणार असा निरोप होता. साहेब तेव्हा तरुण होते. पांढरी गाडी आली. साहेब घाट उतरून आले, त्यांनी त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला, आणि चार महिन्यांनी त्याला पहिलं तिकीट मिळालं. त्या दिवशी बायकांच्यात उभी असलेली आई त्याच्याकडं बघत होती. बोलली काही नाही. पुढं सत्तावीस वर्षांत एकदाही बोलली नाही. पण निवडून आल्यावर तिनं ओवाळलं तेव्हा तिचे डोळे ताटातल्या दिव्यावर होते, त्याच्यावर नव्हते.

सांगलीत, विश्रामबागेतल्या त्याच्या बंगल्यासमोर दहाबारा चपलांचे जोड होते. मागच्या खोलीत आई चटईवर पडली होती, पांढऱ्या लुगड्यात, इतकी लहान झालेली की लुगडंच घडी घालून ठेवल्यासारखं दिसावं. चार बायका भिंतीला टेकून हळू आवाजात पाठ म्हणत होत्या. खोलीत औषधांचा वास नव्हता, फिनेलचा नव्हता, कसलाच नव्हता. त्यालाच त्याची भीती वाटायची. त्रिशला उठून बाहेर आली आणि म्हणाली, "आज पाणी पण नको म्हटल्या. दोन चमचे घेतलं कसंबसं." "बरं," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी मनात कुणीतरी म्हणालं, म्हणजे रविवारच्या आत. तो मागं वळला. मागं कुणी नव्हतं, बेसिनवरचा आरसा होता.

मग तो आवाज त्याला सोडेना. बुधवारी महापालिकेत बसल्या बसल्या तो म्हणायचा, चार. आईच्या पायांना सूज आली, त्रिशला घाबरून सांगत होती, आणि आवाज म्हणाला, लवकर होईल. गुरुवारी आई जरा तरतरीत वाटली, तिनं डोळे उघडून पाठातला एक चुकलेला शब्द बायकांना सुधारून दिला, सगळ्या हसल्या, आणि आदगोंडाला दरवाजात उभं राहून हातचा एक दिवस गेल्यासारखं झालं. निराशा होती ती. नाव नसलेल्या जागेवर गळू व्हावं तशी. तो तडक जिना चढून वर गेला आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिला. आपण वाईट माणूस आहोत असं त्याला वाटलं नाही. तेवढं वाटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, आत दुसराच कुणीतरी राहायला आला आहे, आणि घर त्याच्या नावावर व्हायची वेळ आली आहे.

शुक्रवारी दुपारी बिरदेव आला. यादीसाठी दुसरं नाव चाललं होतं ते त्याचंच. माणदेशातला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला, पहिल्यांदा शिकलेला, आता जिल्हा परिषदेचा सदस्य. पूर्वेच्या तालुक्यांत त्याला मानणारी माणसं होती आणि या वेळी दुष्काळी भागाला द्यावं असा सूर होता. बरोबर कार्यकर्ते नव्हते. चप्पल लांब काढून तो आत गेला आणि चटईपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसला. सांगलीत वसतिगृहात असताना तो दोन वर्षं रविवारी याच घरी जेवायचा, हे आदगोंडा जवळजवळ विसरला होता. बिरदेव विसरला नव्हता.

"आक्का, म्या बिरदेव. वळखलं का?"

आईनं डोळे उघडले. "बिऱ्या," ती म्हणाली. "भाकरी चुरून खानारा."

"व्हय," बिरदेव म्हणाला. मग हात जोडून तो एवढंच म्हणाला, "माझं काय चुकलंमाकलं असलं तर पोटात घाला."

बाहेर व्हरांड्यात तो आदगोंडाजवळ थांबला. धोतर नव्हतं, साधी पँट-शर्ट होती, पण उभं राहायची ढब काठीवर रेलून उभ्या राहणाऱ्या माणसाची होती. "आदगोंडाण्णा, म्या सायबास्नी सकाळीच फोन केलाय," तो म्हणाला. "माझं नाव काढा म्हनलं. आक्का अशा पडलेल्या, आन मी तुमच्याबरोबर वढाताण करायची, हे मला जमंना. तुमीच व्हा आमदार."

"बिरदेव, अरे—"

"न्हाई, ठरलं. माझं वय हाय अजून. आक्का एकदाच."

आदगोंडानं त्याचा हात धरला. धरून ठेवला. बिरदेवला वाटलं असेल, माणूस गहिवरला. तो गेल्यावर आदगोंडा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला. मिळालं होतं. आईला काही व्हायच्या आतच मिळालं होतं. आता तरी आतला तो गप्प बसेल असं वाटून त्यानं कान देऊन बघितलं. थोडा वेळ शांत होतं. मग तो म्हणाला, बिरदेवचा काय भरवसा. रविवारपर्यंत कोण कोण त्याचे कान भरेल. शिक्का रविवारीच बसेल. दोन.

शनिवारी सकाळी बायका अजून आल्या नव्हत्या. त्रिशला आंघोळीला गेली होती. आईनं बोट हलवून त्याला जवळ बोलावलं. तिचा आवाज बसला होता, शब्द ओठांवर वाचावे लागत होते.

"आदू, सोमवारी यादी हाय न्हवं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"दाराम्हागं बोलताय की समदी. मला ऐकू येतंय." ती थांबली. श्वास घ्यायला तिला खूप लांब जावं लागत होतं. "ऐतवारी सायब येनार. म्या ऐतवारच्या आत गेले तर तुझं काम हुतंय म्हनं."

त्रिशलाला त्यानं तसं कधीच सांगितलं नव्हतं. पण जयराजचे फोन तो दाराबाहेर उभा राहून घ्यायचा. हूं, हूं, रविवारी, हो, पाण्यावर आहे अजून.

"आई, असलं काही मनात आणू नको."

"आनत न्हाई, येतंय," ती म्हणाली. "महाराजांनी सांगितलंय, लौकर मरावं असं वाटाय नगं, आनी अजून जगावं असं बी वाटाय नगं. दोनी नगं. समदं सुटलं हुतं बघ. अन्न सुटलं, घर सुटलं. तुझा बा बी सुटला. पन ह्ये कानावर आल्यापास्नं मन ऐतवारातच बसलंय. आज कंचा वार, उद्या कंचा. लेकराचं काम हुईल, लौकर जावं, लौकर जावं. व्रत मोडतंय रं माझं."

ती तक्रार करत नव्हती. डोळ्यांत पाणीही नव्हतं. पण तिचा तळवा चटईवर काहीतरी पुसून काढावं तसा सावकाश फिरत होता, आणि आदगोंडाला कळलं की जो आवाज त्याला छळत होता तोच या खोलीतही येऊन बसला होता, एकाच वेळी दोन घरांत पाणी शिरावं तसा. आपण मोजत होतो आणि तीही मोजत होती. आपण आपल्यासाठी मोजत होतो. ती आपल्यासाठी मोजत होती.

"मी नाव काढून घेतलंय, आई," तो म्हणाला.

आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं.

"कवा?"

"काल. बिरदेव आला होता की. त्याला सांगितलं, तूच हो. साहेबांना पण कळवलंय. आता माझं काही नाही त्यात. रविवार नाही, सोमवार नाही."

आई त्याच्याकडं बघत राहिली. राखेत हात घालून उभ्या असलेल्या मुलाकडं बघितलं होतं तसं नाही. वेगळं. सत्तावीस वर्षांत तिनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "बरं क्येलंस," आणि डोळे मिटले. तळवा फिरायचा थांबला. दिवसभर तिनं ते उघडले नाहीत. कपाळावरची शीर मावळली, जबडा सैल झाला. बायका आल्या तर म्हणाल्या, आज किती शांत दिसतात हो.

तो जिना चढून गच्चीवर गेला, फोन घेऊन. खोटं अजून तासाभराचंच होतं, ओलं होतं, अजून खरं करता आलं असतं. जयराजला फोन लावायचा आणि म्हणायचं, माझं नाव काढा. तीन शब्द. कालच एका मेंढपाळाच्या पोरानं ते म्हटले होते. फोन लागला. त्यानं तोंड उघडायच्या आत जयराज म्हणाला, "मी तुम्हालाच लावत होतो. ठरलं. साहेबांनी नाव पक्कं केलंय. उद्या दुपारी चार वाजता आईंना भेटायला येताहेत. घरी फार गर्दी करू नका, पाचपन्नास माणसं पुरे." समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर एक बाई उन्हात सांडगे घालत होती. एक एक सांडगा ती बोटांनी सोडत होती, सारख्या अंतरावर. आदगोंडा ते बघत राहिला. "ऐकताय ना?" जयराज म्हणाला. "हो," तो म्हणाला. "बरं." साहेब उद्या येताहेतच तर समक्ष सांगू, फोनवर बरं दिसत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि समजावताना त्याला माहीत होतं की समक्ष तर मुळीच सांगता येणार नाही.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना साहेब आले. वयानं वाकले होते, गुडघे धरून पायऱ्या चढले. खोलीच्या दाराशी चपला काढल्या, टोपी काढली. माणूस मनानं वाईट नव्हता. चटईजवळ उभं राहून त्यांनी खरोखर डोळे मिटून नमस्कार केला, आणि त्यांच्यासारखा माणूस दुसरं काय बोलणार, म्हणून आपुलकीनं, जरा मोठ्यानं, कारण म्हाताऱ्या माणसांशी सगळेच मोठ्यानं बोलतात, ते म्हणाले, "माउली, कसलीही काळजी करू नका. आदगोंडांचं नाव उद्या जाहीर होतंय. त्यांची जबाबदारी आता आमची."

आईनं डोळे उघडले. साहेबांकडं तिनं बघितलंच नाही. दारात, साहेबांच्या खांद्यामागं, त्रिशला आणि जयराज यांच्या मध्ये आदगोंडा उभा होता, तिथं तिची नजर आली आणि थांबली. त्यात राग असता तर तो खाली बघू शकला असता. त्यात कसला प्रश्नही नव्हता. कुणी परका माणूस चुकून दार उघडून आत यावा, त्याच्याकडं आपण बघावं, तसं तिनं बघितलं, आणि मग तो परका नाही हे आठवल्यासारखे तिचे डोळे किंचित बारीक झाले.

सोमवारी यादी आली. फटाके लावू नका म्हणून त्यानं सगळ्यांना बजावलं होतं, कुणी लावले नाहीत. पण माणसं येत राहिली, पुढच्या खोलीत हारांचा ढीग साठला, झेंडूचा दाट वास पॅसेजमधून मागं सरकत त्या बिनवासाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आदगोंडा त्या खोलीत गेला नाही. दिवसातून आठ वेळा उंबऱ्यापर्यंत गेला, बायकांनी मान वर केली की "बरं आहे ना सगळं" म्हणून परत फिरला. आवाज आता मोजत नव्हता. आवाजच नव्हता. घर आता त्याच्याच नावावर झालं होतं, आरडाओरडा करायची त्याला गरज उरली नव्हती. आईनं सोमवारी पाणी सोडलं. आता काही घेणार नाही, असं तिनं त्रिशलाला खुणेनं सांगितलं.

बुधवारी फॉर्म भरायचा होता, साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत, तीनच्या आत. सकाळी साडेनऊला गाड्या दारात लागल्या. तो नवा सदरा घालून जिना उतरत होता तेव्हा त्रिशला खाली उभी होती. "जाताना भेटून जावा," ती म्हणाली. "दोन दिवस आत आला न्हाईत तुमी. सगळ्यांची क्षमा मागून झाली त्यांची. धुणंवालीला पण बोलावून मागितली. तुमचंच राहिलंय."

तो आत गेला. बायका उठून बाहेर झाल्या. आईचे हात छातीवर होते. तो वाकला तेव्हा तिनं ते उचलायचा प्रयत्न केला, अर्ध्यात राहिले, मग तिनं तसेच अधांतरी जुळवले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईनं आपल्याला हात जोडलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. त्याला ते हात धरून खाली दाबावेसे वाटले.

"माझ्यामुळं तुला खोटं बोलाय लागलं," ती म्हणाली. एक एक शब्द वेगळा, लांबून आणलेला. "म्या तसं बोलाय नगं हुतं तुझ्यापुढं. चुकलं. क्षमा कर."

उत्तर द्यायचं असतं. लहान मुलालाही ठाऊक असतं. ती क्षमा कर म्हणते, आपण केली म्हणायचं, आणि आपण मागायची, आणि तिनं केली म्हणायचं. पर्युषण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी घरोघर जाऊन त्यानं शेकडो लोकांशी हे केलं होतं, हसत, चालता चालता. त्याच्या घशात तो शब्द होता. पण केली म्हटलं तर तिची चूक होती असं होतं. आणि चूक कुणाची ते सांगायला सुरुवात केली तर मंगळवारपासून सुरुवात करावी लागणार होती, किंवा त्याच्याही मागून, कृष्णेच्या घाटापासून, आणि मग या सदऱ्यानिशी दाराबाहेर पडता आलं नसतं. ती वाट बघत होती. जोडलेले हात तिनं सोडले नव्हते.

दारावर जयराजची टकटक झाली. "अण्णा, कराडला लोक थांबलेत. निघायला पाहिजे."

"आलोच," आदगोंडा म्हणाला. म्हणताना तो आईकडंच बघत होता. तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं मान किंचित हलवली. तो उठला. संध्याकाळी आल्यावर बसू, निवांत, दार लावून, सगळं सांगू, असं ठरवत तो पॅसेजमधून चालत गेला.

कराडला हार झाले, उंब्रजला झाले. साताऱ्यात पोवई नाक्यावर ढोल होते, ते त्यानं बंद करायला लावले, आणि त्यामुळं लोक आणखी आदरानं बघू लागले. कलेक्टर कचेरीत पाचच माणसांना आत सोडलं. बिरदेव सूचक होता, त्यानं सावकाश, शाळकरी वळणाची सही केली. प्रतिज्ञापत्राच्या एका पानावर अवलंबित व्यक्ती म्हणून आईचं नाव होतं आणि पुढच्या सगळ्या रकान्यांत वकिलानं 'निरंक' लिहिलं होतं. पद्मावती, निरंक, निरंक, निरंक. आदगोंडानं खाली सही केली. मग अधिकाऱ्यानं शपथेचा कागद पुढं सरकवला आणि उभं राहून मोठ्यानं वाचायला सांगितलं.

तो वाचू लागला. दुसऱ्या ओळीला सदऱ्याच्या खिशात फोन थरथरला. छातीवरच. थांबला, पुन्हा थरथरला. त्यानं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्रिशला अशा वेळी फोन करणारी बाई नव्हती. ओळ तोंडात तशीच होती. पुढचा शब्द कागदावर होता. आत्ता थांबलं असतं तर अधिकाऱ्यानं समजून घेतलं असतं, पाच मिनिटं सहज दिली असती, घड्याळात अजून एक चाळीस झाले होते. आदगोंडानं शपथ शेवटपर्यंत वाचली. आवाज कुठं अडखळला नाही. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. जयराजनं डोळे पुसले. नंतर तो सगळ्यांना सांगत राहिला की एवढी खणखणीत शपथ त्यानं कधी ऐकली नव्हती.

बाहेरच्या व्हरांड्यात, खांबाआड, त्यानं फोन लावला.

"एक वाजून वीस मिनिटांनी," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज रडून मोकळा झाला होता. "एकदम शांत. एक उचकी पण न्हाई."

"माझ्याबद्दल काही—"

"न्हाई वो. मी विचारलं, त्यास्नी बोलावू का. त्या नुसत्या हसल्या. मग हात आपोआप सुटले. शेवटी कुणाचीच वाट बघत नव्हत्या आई." ती थांबली. "महाराजांचा निरोप आला. व्रत पुरं झालं म्हणाले. तुमी सावकाश या. गाडी जोरात चालवू नका."

तिचं सुटलं होतं. त्याचं उत्तर न घेताच सुटलं होतं, त्या उत्तराची तिला गरजच पडली नव्हती. ते आता त्याच्याच घशात होतं, बिनमालकाचं, कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. समोर अजिंक्यतारा दुपारच्या उन्हात पांढुरका दिसत होता. खाली पायऱ्यांवर माणसं उभी होती, बातमी त्यांच्यात पोचली होती, एकेक जण डोक्यावरची टोपी काढत होता. बिरदेव भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. आदगोंडाला तसं उभं राहावंसं वाटलं. तो खांबाला धरून राहिला आणि त्याचे ओठ हलले.

"केली," तो म्हणाला. "केली."

जयराज कागदांची फाइल बगलेत धरून मागं येऊन उभा होता. "काय केली, अण्णा?" त्यानं हळू विचारलं.

आदगोंडा वळला. पायऱ्यांवरची सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती.

"सही," तो म्हणाला.